विश्लेषण : मुलाने घरी येऊन पाहिलेले सांगितले, आईला पटेना... मग दादासाहेब फाळके कसे घडले?

सुट्टीत मुलांना घेऊन जादूचा, देवदैत्यांचा किंवा उडत्या घोड्यांचा एखादा चित्रपट पाहायचा आणि तो संपला की टीव्ही बंद करून पानावर बसायचे, हा बहुतेक घरांतला रिवाज. मुलांच्या मनात तेव्हा कुठे प्रश्न सुरू झालेले असतात. मोठ्यांच्या लेखी मात्र चित्रपट संपलेला असतो. भारतीय चित्रपटाची सुरुवात ज्या घरातून झाली त्या घरात उलटे घडले. मुलाने विचारले, आईने शंका काढली, वडिलांनी दोघांनाही गप्प बसवले नाही. त्या घराचे कर्ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. त्यांचे चरित्र आजवर उद्योगाचे चरित्र म्हणून पुष्कळदा सांगितले गेले. ते एका बापाचे चरित्र म्हणून वाचले, तर मुलांसोबत अद्भुत चित्रपट कसा पाहावा, याचे बरेच काही त्यात सापडते. मालवण-वेंगुर्ल्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार पाहत वाढलेल्या वाचकांना तर ते अधिकच ओळखीचे वाटेल.

१९११ च्या ईस्टरला नेमके काय झाले?

१४ एप्रिल १९११, गुड फ्रायडेचा दिवस. फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये गेले. तंबूवजा थिएटरातला खेळ होता प्राण्यांचा. पडद्यावर जनावरे चालताना, धावताना पाहून मूल हरखून गेले आणि घरी आल्या आल्या त्याने ते आईला सांगितले. सरस्वतीबाईंना ते खरे वाटले नाही. भिंतीवर वाघ कसा चालेल? घरातल्या इतरांनाही पटले नाही.

इथे बहुतेक बाप काय करतील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. फाळके दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबाला घेऊन पुन्हा त्याच थिएटरात गेले. ईस्टरमुळे त्या दिवशी प्राण्यांऐवजी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. समोर ख्रिस्ताचे प्रसंग सरकत होते आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. घरी परतताना नवरा-बायकोंमध्ये बोलणे झाले ते पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा ती गोष्ट तिथे आली कशी, याबद्दलच अधिक. आपल्या देवांची चित्रे अशी हलतील का, ती आपल्या माणसांना करता येतील का, असे ते विचार होते.

दादासाहेबांच्या आयुष्याला वळण मिळाले ते ख्रिस्तपटामुळे, असे सर्रास सांगितले जाते. ते खरेच आहे. पण ख्रिस्तपट पाहायला ते गेले मुलाच्या सांगण्यामुळे आणि आईच्या अविश्वासामुळे, हा भाग सांगताना बहुधा गळून जातो.

तोवरचे फाळके कोण होते?

एव्हाना ते चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते आणि धड एकाही धंद्यात स्थिरावलेले नव्हते. जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, नंतर थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे हाताला लागेल ते शिकत राहिले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगची साथ आली आणि पहिली पत्नी व मूल दोन्ही गेले. या घटनेबद्दल चरित्रकार दोन ओळींत पुढे सरकतात. आपणही इथे फार थांबत नाही, पण ती लक्षात ठेवायला हवी. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’पाशी ती आठवेल.

बडोद्यात त्यांना कार्ल हर्ट्झ नावाचा परदेशी जादूगार भेटला. त्याच्याकडून हातचलाखीचे प्रयोग शिकून फाळके स्वतः प्रयोग करू लागले आणि त्यासाठी नाव घेतले ‘प्रोफेसर केल्फा’. फाळके हे नाव उलटे वाचले की केल्फा होते. मुलांना हे एवढे सांगितले तरी ती आपापली नावे उलटी करून पाहू लागतात.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातल्या गिरिजा करंदीकर सरस्वती फाळके झाल्या. मग पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकाराची सरकारी नोकरी. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले तशी ती सोडली. राजा रविवर्म्याच्या लोणावळ्याच्या छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले आणि भागीदारांशी बिनसल्यावर सगळे सोडून घरी बसले. गिरगावातल्या त्या तंबूत मुलाचा हात धरून शिरलेला माणूस हा असा होता. त्याला चित्र काढता येत होते, फोटो काढता येत होते, छपाई येत होती, जादू येत होती. नोकरी तेवढी नव्हती.

मटाराचे रोप पडद्यावर का वाढवले?

ख्रिस्तपटानंतर फाळके मिळेल तो चित्रपट पाहू लागले. रोज चार-पाच तास पडद्याकडे आणि उरलेला वेळ घरी प्रयोगांत. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परतली. मग १२ हजारांची आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १० हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. ओळखदेख काही नव्हती. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत थेट जाऊन संपादकांना भेटले. त्यांनी आधी या धंद्यात पडू नका असाच सल्ला दिला, मग माणसाची जिद्द पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेले. तिथे काम पाहून, विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन, कच्च्या फिल्मची आणि छिद्रे पाडण्याच्या यंत्राची सोय करून १ एप्रिलला फाळके परत मुंबईत. अवघे दोन महिने.

पण चित्रपटाला पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी जे केले ते कुठल्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात शोभावे असे आहे. कुंडीत मटार पेरला, कॅमेरा समोर कायमचा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. कॅमेरा दोन चित्रांच्या मध्ये थांबला की मधला वेळ नाहीसा होतो. दाखवताना ती चित्रे सलग धावली आणि मिनिटभरात दाण्यातून कोंब, कोंबातून वेल वर चढली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा तुकडा सावकारांना दाखवून फाळक्यांनी कर्ज मिळवले. उरलेला भार सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी उचलला.

मुलांशी जादूपटावर बोलायचे तर सुरुवात इथून करावी, असे आमचे मत. आजच्या मोबाइलमध्ये ‘टाइमलॅप्स’ची सोय असतेच. पडवीत एका करवंटीत चवळी किंवा कुळीथ पेरा, मोबाइल एका जागी टेकवायची खूण करा आणि रोज त्याच वेळी एक फोटो घ्या. आठवडाभरात मुलाच्या हातात स्वतः केलेला चमत्कार असतो. त्यानंतर पडद्यावरचा कुठलाही चमत्कार ते मूल वेगळ्या नजरेने पाहते. गंमत कमी होत नाही. उलट हे कसे केले असेल, हा प्रश्न त्याला आपणहून पडतो.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये स्वतःचाच मुलगा का?

चित्रपटासाठी फाळक्यांनी विषय निवडला हरिश्चंद्राचा. दिलेला शब्द पाळण्यासाठी राज्य, पत्नी आणि मुलगा सगळ्याला मुकणारा राजा, ही गोष्ट तेव्हा घराघरांत ठाऊक होती. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. तारामतीसाठी बाई मिळेना. नटी म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहणे तेव्हा इतके कमीपणाचे मानले जाई की कुणीच तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेत भरले आणि पंधरा रुपये पगारावर ते तारामती झाले. कंपनीतल्या मंडळींना तर फाळक्यांनी असे शिकवून ठेवले होते की कुणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणून सांगायचे. परेश मोकाशींच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचे नाव तिथून आले.

राजपुत्राची अडचण वेगळी होती. त्याला रानात हिंडायचे होते आणि मरायचे होते. कुठल्या आईबापांनी आपले पोर अशा कामाला दिले असते? तेव्हा रोहिदास झाला भालचंद्र, म्हणजे गिरगावातून प्राणी पाहून धावत घरी आलेला तोच मुलगा. चित्रपटाच्या आरंभीच्या प्रसंगात राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण चालवायला शिकवतो आहे आणि राणी कौतुकाने पाहते आहे. कॅमेऱ्यासमोरचा बाप दाबके, मागचा बाप फाळके.

बाहेरचे चित्रीकरण वांगणीला चालले असताना घडलेला एक प्रसंग चरित्रांत येतो. इतर मुलांबरोबर खेळताना भालचंद्र खडकावर पडला, डोक्याला लागून रक्त आले आणि तो बेशुद्ध झाला. सोबतच्यांनी त्याला मुंबईला न्यायला सुचवले. फाळक्यांनी जवळच्या औषधांनी उपचार केले आणि चित्रीकरण लांबू नये म्हणून रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग तशा अवस्थेतल्या मुलाला घेऊनच पुरा केला. ही हकिगत सहसा ध्येयनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती तशी सांगवत नाही. एक मूल आधीच प्लेगमध्ये गमावलेला हा माणूस त्या घटकेला काय विचार करत होता, हे कळायला मार्ग नाही. पण मुलांना फाळके सांगताना हा प्रसंग गाळू नये, आणि सांगून झाल्यावर त्याचे समर्थनही करू नये. दहा-बारा वर्षांचे मूल यावर जे बोलेल ते ऐकून घ्यावे.

कारण हाच प्रश्न मुळात हरिश्चंद्राच्या कथेतही आहे. शब्द दिला बापाने, विकला गेला मुलगा. मोठ्या माणसाच्या सत्याची किंमत लहानाने का द्यायची? आपल्याकडे ही कथा शतकानुशतके सांगितली गेली, पण रोहिदासाच्या बाजूने ती सांगायला आपण क्वचितच जातो. मुले मात्र जातात. राजकोटला लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिलेले मोहनदास गांधी कितीतरी दिवस मनातल्या मनात ते नाटक पुन्हा पुन्हा खेळत राहिले, अशी आठवण त्यांच्या आत्मकथेत आहे. मुलाच्या मनात नाटक किंवा चित्रपट असा राहून जातो. त्यावर बोलायला घरात कुणी मिळते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

या साऱ्या काळात सरस्वतीबाई काय करत होत्या, ते एका परिच्छेदात मावणारे नाही. दादरच्या घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, दिवसा चित्रीकरणाच्या वेळी ऊन परावर्तित करायला पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, रात्री काळोखात फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे. भारतात फिल्मवर हात बसलेली पहिली बाई कोण, याचे उत्तर या घरात आहे आणि पडद्यावर तिचे नाव नाही. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला.

मंदाकिनी कृष्ण होण्याआधी कॅमेऱ्यासमोर काय करते?

यश मिळाल्यावर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले आणि बायकांनी पडद्यावर येण्याची वाट उघडली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असे सांगतात. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी आला ‘कालियामर्दन’.

मुलांसोबत फाळक्यांचा एकच चित्रपट पाहायचा असेल तर तो हाच पाहावा. एक तर तो बऱ्यापैकी वाचला आहे. पाऊण तासाच्या आसपासचा भाग उपलब्ध आहे आणि इंटरनेटवरही पाहता येतो. दुसरे म्हणजे यातला कृष्ण आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय जेमतेम सहा-सात.

चित्रपट सुरू होतो तो गोकुळात नाही. आधी पडद्यावर येते मंदाकिनी, साधीच, मुकुट-मोरपीस काही नाही. ती एकामागून एक हावभाव करून दाखवते. हसते, रुसते, रागावते. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा साज चढतो आणि गोष्ट सुरू होते. आजच्या कुठल्याही चित्रपटाने हे धाडस करावे. पुढे जे पाहाल ते सोंग आहे, हे दिग्दर्शक आधीच सांगून टाकतो, आणि तरीही दहा मिनिटांत आपण ते विसरतो. इथे चित्रपट थांबवून मुलांना काहीही विचारता येईल. ही मुलगी आहे हे कळल्यावरही तो कृष्ण वाटतो का? घाबरल्याचा चेहरा करताना खरोखर भीती वाटते का? आरशासमोर करून पाहा.

पुढे कृष्णाच्या खोड्या येतात. गड्यांचा अपमान करणाऱ्या बाईकडे लोणी चोरणे, रात्री एका धनिकाच्या घरात शिरून झोपलेल्या नवरा-बायकोचे दाढी आणि केस एकमेकांना बांधणे. मुले इथे खदखदून हसतात. हसून झाल्यावर विचारावे, की आपल्या वर्गात कुणी असे केले तर? देवाने केली म्हणून खोडी बरोबर ठरते का? याचे एकच उत्तर मोठ्यांकडेही नाही आणि ते नसल्याचे कबूल केलेले चालते.

मग यमुनेच्या डोहातले युद्ध. त्या काळच्या साधनांत फाळक्यांनी पाण्याखालची झुंज उभी केली आहे आणि मधूनमधून काठावर जमलेली माणसे, ऊर बडवणारे आईबाप दाखवले आहेत. खाली मूल लढते आहे, वर आईला काहीच कळत नाही. मालवणच्या, देवबागच्या, निवतीच्या मुलांना काठावर वाट पाहणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. होडी परतायला उशीर झाला की घरात काय होते, ते त्यांनी पाहिलेले असते. अशा घरातले मूल या प्रसंगात कालियाकडे पाहत नाही, यशोदेकडे पाहते. आणि बोलायला लागले तर स्वतःच्या घराबद्दल बोलते.

कथेचा शेवटही मुलांना सोडत नाही. कृष्ण कालियाला ठार मारत नाही. भागवतातल्या कथेप्रमाणे गरुडाच्या भीतीने कालिया मुळात यमुनेत लपायला आलेला असतो, त्याच्या बायका गयावया करतात आणि कृष्ण त्याला समुद्रात निघून जायला सांगतो. आता किनाऱ्यावरच्या मुलाला यातून पुढचा प्रश्न पडणारच. समुद्रात म्हणजे आमच्या दर्यात? एका गावातले विष दुसऱ्याच्या पाण्यात का सोडले? आणि जो स्वतःच भिऊन पळालेला होता, त्याला दुष्ट म्हणायचे का? एवढ्या प्रश्नांवर घरातली एक संध्याकाळ सहज निघते.

दशावतार पाहणाऱ्या मुलांना हे सगळे ओळखीचे का वाटते?

सिंधुदुर्गात पावसाळा सरून जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर दशावतार उभा राहतो. बाप्ये लुगडी नेसून राण्या होतात, संकासूर काळा मुखवटा घालून मालवणीत भल्याभल्यांची फिरकी घेतो आणि पहाटे दहीहंडी फुटते. म्हणून तर या खेळाला दहीकाला असेही नाव आहे. आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत पाहिलेला संकासूर ही इथल्या कित्येकांची अद्भुताशी पहिली ओळख. खेळ सुरू होण्याआधी मुले रंगपटाभोवती घुटमळतात. समोर ट्रंक उघडून, आरसा टेकवून एक माणूस चेहऱ्याला रंग लावत असतो. मघाशी विडी ओढत बसलेला हाच माणूस घटकाभराने द्रौपदी होऊन रडवणार आहे, हे मुलाला माहीत असते आणि तरी ते रडते.

मंदाकिनीचा तो पहिला मिनिट म्हणजे हा रंगपटच आहे. अण्णा साळुंक्यांची तारामती पाहून शहरातली मुले आज हसतील. इथली हसणार नाहीत. फाळके दशावतार पाहून हे शिकले, असा दावा करायचा नाही. त्यांच्यासमोर किर्लोस्कर परंपरेची नाटके होती, रविवर्म्याची चित्रे होती. पण दोन्हीकडच्या प्रेक्षकांकडून जे अपेक्षित आहे ते एकच. सोंग आहे हे ठाऊक ठेवायचे आणि तरी गोष्टीत शिरायचे.

मूकपटाचा आणखी एक फायदा आहे आणि तो पालकांच्या ध्यानात चटकन येत नाही. त्यात बोलणे नसते. फाळक्यांच्या चित्रपटांत हिंदी आणि इंग्रजी मजकुराच्या पाट्या येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी मोठ्याने वाचून, समजावून सांगे. म्हणजे पाहता पाहता बोलणे हा त्या चित्रपटाचाच भाग होता. आज ती जागा घरातल्या आजीने घ्यावी. पाटी आली की नातवंडाला आपल्या बोलीत गोष्ट सांगावी. आजीची गोष्ट आणि फाळक्यांची गोष्ट बहुधा जुळणार नाही, आणि मग आजी खरी की पडदा खरा, यावरून जे भांडण होईल ते होऊ द्यावे. चित्रपटभर गप्प बसायला लावून शेवटी तात्पर्य विचारण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. तात्पर्य विचारले की मुलांना शाळा आठवते.

पुढे फाळक्यांचे काय झाले?

‘कालियामर्दन’च्या यशानंतर कंपनीतल्या भागीदारांशी खटके उडून फाळके बाहेर पडले, सहकुटुंब काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. परत आले, पुन्हा चित्रपट केले. तोवर काळ पालटत होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि देवादिकांच्या मूकपटांचा बाजार उठला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून केला आणि नंतर त्याला आवाज चढवावा लागला. शेवटचा ‘गंगावतरण’ कोल्हापूर सिनेटोनसाठी, १९३७ साली. तो त्यांचा मूळचा बोलपट म्हणून एकमेव. जवळपास ९५ चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट एवढे काम एका माणसाच्या नावावर जमा होते. हातात पैसा मात्र राहिला नव्हता. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा उद्योगातल्या मंडळींनी थैली दिली आणि नाशिकला घर झाले.

अखेरच्या दिवसांतही त्यांना आणखी एक चित्रपट करायचा होता. युद्धकाळ असल्याने चित्रपटासाठी सरकारी परवाना लागे. त्यांनी अर्ज केला. परवानगी नाकारल्याचे पत्र १४ फेब्रुवारी १९४४ रोजी हाती पडले. १६ तारखेला नाशिकमध्ये दादासाहेब गेले. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू झाला तो पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये. पहिल्या मानकरी देविका राणी.

एवढ्या मोठ्या कामातले फारच थोडे वाचले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत ती पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे. पहिल्या रिळात धनुष्यबाण शिकणारा राजपुत्र आहे. शेवटच्यात शंकर प्रकट होतात आणि मेलेला रोहिदास उठून बसतो.